उन्हाळ्यात विमान ‘उठत नाही’ : मराठवाड्यातील धावपट्ट्यांवरील एका जुन्या तक्रारीचे निवारण

मार्च संपून ऊन तापू लागले की आमच्या हँगरमधील स्नॅगच्या (विमानातील बिघाडांच्या तक्रारींच्या) वहीत दरवर्षी एकच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत उमटू लागते : “इंजिनची ताकद कमी वाटते, विमान उठायला वेळ लावते.” दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला देखभाल विभागातील काका इंजिन चालवून पाहतात, सगळे आकडे ठीक येतात, वहीत “तपासले, दोष आढळला नाही” अशी नोंद होते आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता तेच विमान पुन्हा तसेच वागते. पाऊस पडून हवा गार झाली की तक्रार आपोआप थांबते, सगळे विसरून जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात वही पुन्हा तिथूनच सुरू होते. हे चक्र मी एक प्रशिक्षक म्हणून अनेक वर्षे पाहिले आहे आणि त्यातील एका वर्षी माझ्या हातून झालेली चूक पुढे सांगणार आहे. हे लिखाण सेस्ना १५२ किंवा १७२ सारखी, टर्बोचार्जर नसलेले पिस्टन इंजिन आणि स्थिर कोनाचा प्रॉपेलर असलेली विमाने चालवणाऱ्यांसाठी व त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी आहे.

या तक्रारीमागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. एक हवेचे आणि दुसरे यंत्राचे. हवेचे कारण यंत्रावर लादले तर काकांच्या काही सकाळी वाया जातात, एवढेच नुकसान होते. यंत्राचे कारण मात्र “उन्हाळाच आहे” म्हणून हवेवर लादले गेले तर सदोष विमान रोज धावपट्टीवर जात राहते. म्हणून कोणतेही पान्हे हाती घेण्याआधी, त्या दिवशी त्या तासाला विमानाकडून किती अपेक्षा ठेवणे रास्त होते, याचा आकडा काढणे ही निवारणाची पहिली पायरी आहे. तो आकडा हाती नसेल तर “कमी वाटते” या शब्दांना काही अर्थ उरत नाही, कारण कशाच्या मानाने कमी, हेच ठरलेले नसते.

धावपट्टीची खरी उंची किती?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,९०० फूट आहे, लातूर सुमारे दोन हजार फुटांवर आहे आणि नांदेड त्याहून खाली, सुमारे साडेबाराशे फुटांवर. हे आकडे वाचून आपल्याकडचे बहुतेक वैमानिक मनात एक निष्कर्ष काढून मोकळे होतात, की उंचावरील विमानतळांचे प्रश्न लेहसारख्या दहा हजार सहाशे फुटांवरील ठिकाणचे, आपण तर पठारावर. हाच निष्कर्ष तक्रारीचे मूळ आहे. पंख, प्रॉपेलर आणि इंजिन या तिघांनाही नकाशावरची उंची कळत नाही. त्यांना फक्त हवेची घनता कळते. प्रमाण वातावरणात जितक्या उंचीवर हवा तेवढी विरळ असते, त्या उंचीला घनता-उंची म्हणतात, आणि विमान उडते ते या घनता-उंचीवरून.

ती काढणे अवघड नाही. मे महिन्यातील एखादी दुपार घ्या : तापमान ४२ अंश, क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या पातळीला आणलेला हवेचा दाब, हेक्टोपास्कल या एककात) १००४. प्रमाण दाब १०१३ धरला जातो. म्हणजे दाब ९ एककांनी कमी आहे आणि दर एककाला सुमारे २७ फूट याप्रमाणे चिकलठाण्याची दाब-उंची १,९०० वरून सुमारे २,१५० फुटांवर जाते. (उंचीमापकावर १०१३ लावले तर तो हाच आकडा थेट दाखवतो, त्यामुळे हिशेब पडताळून पाहता येतो.) प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान असते आणि दर हजार फुटांना ते सुमारे २ अंशांनी उतरते, म्हणून या उंचीला प्रमाण तापमान १०.७ अंश असायला हवे होते. प्रत्यक्षात ते ४२ आहे. फरक ३१ अंशांहून थोडा अधिक. दर अंशामागे १२० फूट धरले तर ३,७५० फूट आणखी चढतात आणि घनता-उंची सुमारे ५,९०० फुटांवर पोहोचते. अमेरिकेतील डेन्व्हर शहराला त्याच्या ५,२८० फुटांच्या उंचीमुळे ‘मैलभर उंचीचे शहर’ म्हणतात. मेच्या दुपारी आपण ज्या हवेतून उड्डाण करतो, ती प्रमाण दिवशीच्या डेन्व्हरच्या हवेहूनही विरळ असते.

आता हाच हिशेब डिसेंबरच्या पहाटेचा करा. तापमान १२ अंश, क्यूएनएच १०१६. दाब-उंची १,८३० फुटांच्या आसपास आणि घनता-उंची १,९०० च्या जवळपास. म्हणजे तीच धावपट्टी, तेच विमान, तोच विद्यार्थी; डिसेंबरपासून मेपर्यंत हवेने मात्र आपल्याला चार हजार फूट वर नेऊन ठेवले, आणि ते दाखवणारी एकही पाटी धावपट्टीवर नाही. मेच्या पहाटेही फारशी सुटका होत नाही : २७ अंशांना घनता-उंची चार हजार फुटांच्या आसपास असते. काकांची सकाळची तपासणी आणि विद्यार्थ्याचे दुपारचे उड्डाण यांच्यामध्ये जवळजवळ दोन हजार फुटांचे अंतर पडलेले असते, म्हणून दोघेही खरे बोलत असूनही दोघांचे म्हणणे जुळत नाही.

तापमान कुठून घ्यायचे, याविषयी एक सूचना. उन्हात उभ्या असलेल्या विमानाचा तापमापक सुरुवातीला तापलेल्या काचेचे आणि पत्र्याचे तापमान दाखवतो, त्यामुळे हिशेबासाठी मेटारमधील (विमानतळाच्या नियमित हवामान-अहवालातील) आकडा घ्यावा. मात्र तो आकडा सावलीतला आहे, आणि तापलेल्या डांबराला लागून असलेली हवा, जी इंजिन प्रत्यक्ष ओढून घेते, ती त्याहून गरम असू शकते, हे ध्यानात ठेवून हिशेब थोडा कडकच करावा. जूनमध्ये दमट वारे येऊ लागले की तापमान उतरते, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने तापमानात वाटते तेवढा सगळा लाभ पदरात पडत नाही.

पुस्तक काय सांगते

सेस्ना १५२ च्या वैमानिक-पुस्तिकेतील आखूड धावपट्टीवरील उड्डाणाचे कोष्टक पाहा. पूर्ण वजन १,६७० पौंड, फ्लॅप (पंखामागची खाली झुकणारी पट्टी) १० अंश, वारा शून्य, धावपट्टी पक्की, सपाट व कोरडी. दोन हजार फुटांच्या दाब-उंचीवर १० अंश तापमानाला जमिनीवरची धाव ८४० फूट आणि ५० फूट उंचीचा अडथळा ओलांडेपर्यंतचे एकूण अंतर १,५६५ फूट दिले आहे. त्याच उंचीला ४० अंशांना हे आकडे १,०५५ आणि १,९६० होतात. म्हणजे पुस्तकाप्रमाणेच, निर्दोष विमानाला, उन्हाळ्यात सुमारे पाव पट अधिक अंतर लागते. एवढी वाढ दिसली तर ती स्नॅग नव्हे.

मात्र हे आकडे नव्या विमानाने, सरावलेल्या वैमानिकाने, ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल (इंजिनची पूर्ण शक्ती) देऊन मग ब्रेक सोडण्याच्या पद्धतीने मिळवलेले आहेत. आपले विमान कित्येक वर्षे वापरलेले, त्याचा प्रॉपेलर खडी लागून घासलेला आणि पंखावर धूळ बसलेली. म्हणून ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने हलक्या विमानांसाठी सुचवलेला १.३३ चा सुरक्षा-गुणक मी नेहमी लावतो आणि विद्यार्थ्यांनाही लावायला सांगतो. १,९६० ला त्याने गुणले की सुमारे २,६०० फूट, म्हणजे जवळजवळ आठशे मीटर होतात. चिकलठाण्याच्या लांब धावपट्टीवर आठशे मीटर संपले तरी पुढे भरपूर डांबर शिल्लक दिसते आणि म्हणूनच तेथे वाढलेल्या अंतराची कोणाला झळ लागत नाही. तीच सवय घेऊन माणूस आठशे-हजार मीटरच्या एखाद्या लहान धावपट्टीवर गेला की मग त्याला दुसरी संधी मिळत नाही.

वाऱ्याचे गणित याच कोष्टकाच्या तळटिपेत आहे. समोरून येणाऱ्या दर ९ नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्याला अंतर १० टक्क्यांनी घटते, पण मागून येणाऱ्या दर २ नॉटलाच ते १० टक्क्यांनी वाढते. उन्हाळ्याच्या दुपारी शेतांतून वावटळी उठत असतात, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) दर मिनिटाला तोंड फिरवतो, आणि “वारा नाहीच” असे म्हणत ४ नॉट पाठीवर घेऊन उड्डाण करणारा वैमानिक नकळत पाचव्या हिश्शाएवढे अधिक अंतर मान्य करत असतो. वजनाविषयी तोच ब्रिटिश मार्गदर्शक सांगतो, की वजन १० टक्क्यांनी वाढले तर अंतर २० टक्क्यांनी वाढते. उलट्या दिशेने वाचले तर ही उन्हाळ्यातील सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. १५२ च्या साध्या टाक्यांत सुमारे ९८ लिटर इंधन मावते आणि एक लिटर ॲव्हगॅस (विमानाचे पेट्रोल) सुमारे ०.७२ किलो भरते. स्थानिक सरावाला नियमाने लागणारे राखीव धरूनही टाकी अर्धी पुरत असेल, तर उरलेले पस्तीस किलो दुपारी हवेत उचलून नेण्याचे काहीच कारण नाही.

हवा विमानाकडून तीन ठिकाणी घेते

अंतर पाव पट वाढते, पण वैमानिकाला विमान त्याहून कितीतरी अधिक मंद भासते, आणि त्याचे हे भासणे खोटे नसते. ५,९०० फूट घनता-उंचीला हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १६ टक्के विरळ असते. त्यामुळे इंजिनला श्वासच कमी मिळतो. प्रॉपेलरला ढकलायला हवा कमी मिळते. पंखाला तेवढाच भार पेलण्यासाठी अधिक वेगाने धावावे लागते. वेगमापक ५० नॉट दाखवतो तेव्हा विमान हवेतून प्रत्यक्षात ५४-५५ नॉटने जात असते, आणि धावपट्टीवरची रेघ डोळ्यांसमोरून त्या वेगाने सरकते. उड्डाणाचा दर्शित वेग मात्र बदलत नाही. हा मुद्दा मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. जमीन वेगाने मागे पळताना पाहून “आता पुरे झाले” असे वाटणारा विद्यार्थी ४४-४५ नॉटलाच नाक उचलतो, पंखाचा कोन वाढतो, ओढ (हवेचा मागे खेचणारा विरोध) वाढते, वेग वाढणे थांबते आणि मग तो खाली उतरून वहीत लिहितो, की विमान उठत नाही. अशा नोंदींपैकी बऱ्याच नोंदींचे निवारण हँगरमध्ये नव्हे, तर पुढच्या उड्डाणात वेगमापकावर बोट ठेवून होते.

चढाईत हे नुकसान आणखी ठळक होते, कारण चढण्यासाठी उपयोगी पडते ती इंजिनची सगळी शक्ती नव्हे, तर सरळ उडण्यापुरती खर्च होऊन उरलेली शक्ती. समजा, प्रॉपेलरमधून ७५ एकक शक्ती मिळते आणि केवळ हवेत तग धरायला ५० लागतात. चढाईला २५ उरतात. विरळ हवेत मिळकत ६४ वर आली आणि गरज ५३ वर गेली, तर शिल्लक ११ राहते. मिळकत सातव्या हिश्शाने घटली, पण शिल्लक निम्म्याहून खाली आली. शेतीत उत्पन्न थोडे घटले तरी घरखर्च तेवढाच राहिल्याने हातात काही उरत नाही, हे मराठवाड्यातील कोणाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. विमानाचा हिशेब तसाच आहे.

पुढचा सापळा जमिनीलगतच्या हवेचा. पंखाच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत ओढ कमी असते, ज्याला आपण ग्राउंड इफेक्ट म्हणतो. तिथे अपुऱ्या वेगालाही विमान चाके सोडते, दहा-पंधरा फूट वर येते आणि मग पुढे चढायचे नाकारते. अशा वेळी नाक आणखी वर ओढणे हा सर्वांत घातक प्रतिसाद आहे. नाक थोडे खाली घेऊन, धावपट्टीच्या लगत राहून पुस्तकात दिलेला चढाईचा वेग गाठायचा आणि मगच वर जायचे.

आता मिश्रणाविषयी

मिश्रण म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवा-इंधनाचे प्रमाण. खरा पेच इथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १५२ च्या पुस्तिकेत लिहिले आहे, की ३,००० फुटांहून उंच धावपट्टीवरून उड्डाण करण्यापूर्वी पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण विरळ करून (इंधन कमी करून) सर्वाधिक आरपीएम (इंजिनचे दर मिनिटाचे फेरे) मिळवावा. आपल्या धावपट्ट्या १,२५० ते २,००० फुटांच्या. म्हणून विद्यार्थी मिश्रणाची लाल मूठ पूर्ण आत ढकलून ‘फुल रिच’वर, म्हणजे सर्वांत दाट मिश्रणावर, उडतो, आणि शब्दशः पाहिले तर त्याचे चुकत नाही. पण कार्ब्युरेटर इंधन मोजतो ते विरळ हवेचा पुरेसा विचार न करता. हवा घटली, इंधन त्या मानाने घटले नाही, मिश्रण गरजेपेक्षा दाट झाले आणि आधीच घटलेल्या शक्तीतून आणखी काही गेले. हे इंजिन बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या सूचना घनता-उंचीच्या भाषेत बोलतात : ५,००० फूट वा अधिक घनता-उंचीला, किंवा फार गरम हवेत, पूर्ण दाट मिश्रणावर इंजिन खडबडीत चालू शकते किंवा शक्ती घटू शकते, आणि स्थिर प्रॉपेलर असेल तर उड्डाणापूर्वी पूर्ण थ्रॉटलवर सर्वाधिक आरपीएम मिळेपर्यंत मिश्रण विरळ करावे. मेच्या दुपारचे चिकलठाणे या ५,००० फुटांच्या रेषेच्या बरेच वर आहे.

याचा अर्थ प्रत्येकाने आपल्या मनाने मूठ ओढावी, असा नाही. आपल्या विमानाच्या मंजूर पुस्तिकेचा अधिकार मोठा आहे, आणि मिश्रण गरजेहून विरळ झाले तर ४२ अंशांच्या हवेत सिलिंडर तापून धडधड (इंधनाचे आत झटक्याने पेटणे) सुरू होण्याचा धोका आहे. म्हणून आमच्याकडे ठरवले ते असे : मुख्य प्रशिक्षक आणि देखभाल अभियंता यांनी पुस्तिका व इंजिन उत्पादकाच्या सूचना एकत्र वाचून लेखी पद्धत घालून द्यावी, त्या पद्धतीप्रमाणे ब्रेकवर पूर्ण थ्रॉटल द्यावा, मूठ हळू मागे घ्यावी, आरपीएम वाढून जिथे स्थिरावतो तिथून किंचित पुन्हा दाट करावे. आरपीएम मुळीच वाढला नाही तर मूठ पुन्हा आत. हे काही सेकंदांत उरकावे, कारण जमिनीवर उभ्या विमानात पूर्ण शक्तीवर इंजिनला थंड हवा मिळत नाही, आणि खाली खडी असेल तर प्रॉपेलर ती उचलून स्वतःलाच मारून घेतो.

यंत्राचा दोष ओळखण्याची खूण

हिशेब करून, वजन-वारा तपासून, वेग पाळून आणि मिश्रण जुळवूनही अंतर पुस्तकाच्या आकड्यापेक्षा बरेच जास्त येत असेल, तर मग यंत्राकडे वळावे. इथे एक मोजमाप फार उपयोगाचे आहे आणि ते आमच्या भागात फार कमी घेतले जाते : विमान ब्रेकवर उभे असताना पूर्ण थ्रॉटलवरचा आरपीएम, म्हणजे स्थिर आरपीएम. १५२ साठी तो २,२८० ते २,३८० च्या दरम्यान अपेक्षित आहे. १७२एससाठी २,३०० ते २,४००.

या आकड्याचे महत्त्व असे, की उन्हाने तो फारसा बदलत नाही. विरळ हवेत इंजिनचा जोर घटतो, पण प्रॉपेलरला फिरताना होणारा हवेचा विरोधही जवळजवळ त्याच प्रमाणात घटतो, त्यामुळे दोघांचा तोल जुन्याच आरपीएमच्या आसपास जमतो. म्हणून विमान मंद पळते आहे पण स्थिर आरपीएम पट्ट्यात आहे, तर संशय हवेवर, वजनावर, ब्रेकवर, टायरवर किंवा हाताळणीवर घ्यावा. स्थिर आरपीएम पट्ट्याच्या खाली आहे आणि मिश्रण जुळवूनही वर येत नाही, तर उन्हाचे निमित्त तिथेच सोडून द्यावे.

मी ते सोडले नव्हते. त्या वर्षी एका विमानाविषयी एप्रिलपासून तक्रारी येत होत्या, आणि घनता-उंचीचा हिशेब मला नुकताच इतका पटला होता, की प्रत्येक विद्यार्थ्याला मी तोच समजावून सांगत राहिलो. एका विद्यार्थ्याने मला विचारलेही होते, “सर, दुसरे विमान त्याच वेळी लवकर उठते, मग हवा वेगळी कशी?” त्याला मी वजनातील फरकाचे उत्तर दिले. जूनच्या अखेरीस पाऊस झाला, पारा २८ वर आला, बाकीची विमाने ताजीतवानी झाली आणि हे मात्र तसेच राहिले. तेव्हा काकांना बरोबर घेऊन पूर्ण थ्रॉटल दिला. आरपीएम २,२३० च्या वर जाईना. सकाळच्या तपासणीत हे कधी दिसले नाही, कारण मॅग्नेटोची (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) चाचणी १,७०० आरपीएमवर होते आणि तिथे सगळे सुरळीत होते. पूर्ण शक्ती कोणी मागितलीच नव्हती.

दोष कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या झडपेत निघाला. तिच्या आसाचा बुश झिजला होता, मूठ पूर्ण आत असूनही झडप नीट बसत नव्हती आणि एक्झॉस्टभोवतीची तापलेली हवा सतत आत शिरत होती. याची खूण रोजच्या चाचणीत समोर होती : कार्ब हीटची (या गरम हवेच्या झडपेची) मूठ ओढल्यावर आरपीएम जेवढा उतरायला हवा, त्याच्या निम्माही उतरत नव्हता, कारण झडप आधीच अर्धवट उघडी होती. “थोडासाच उतरतो, म्हणजे चांगलेच आहे,” असे आम्ही समजत आलो होतो. शिवाय गरम हवेचा हा मार्ग गाळणीतून जात नाही, त्यामुळे उन्हाळाभर आपल्या शेतांची धूळ थेट त्या इंजिनात जात राहिली, याची मला आजही हळहळ वाटते. त्या विद्यार्थ्याचा प्रश्न बरोबर होता. एकाच तासाला, एकाच धावपट्टीवर, सारख्या वजनाची दोन विमाने तुलनेला मिळत असतील, तर त्याहून चांगले उपकरण दुसरे नाही.

झडपेशिवाय पाहण्याच्या जागा पुढीलप्रमाणे. हवेची गाळणी धुळीने बुजलेली असणे हे आपल्याकडे नेहमीचे आहे; ज्या आठवड्यात वावटळी अधिक, त्या आठवड्यात तपासणीचे तास पूर्ण होण्याची वाट पाहू नये. थ्रॉटलची केबल सैल होऊन मूठ शेवटापर्यंत गेली तरी कार्ब्युरेटरवरचा दांडा आपल्या अटकावापर्यंत पोहोचत नाही. हे कव्हर काढून, एकाने आत मूठ ढकलून व दुसऱ्याने बाहेर पाहूनच कळते. मफलरच्या आतील पत्रा तुटून वाट अडवतो, तेव्हा थंड इंजिनला काही जाणवत नाही आणि तापल्यावर ताकद जाते. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन घटलेले असणे, स्पार्क प्लग माखणे, मॅग्नेटोची वेळ सरकणे ही नेहमीची कारणे आहेतच. या सगळ्यांच्या आधी मात्र आरपीएम-मापकच खरा आहे ना, हे हातातल्या प्रकाशीय मापकाने पडताळावे. जुन्या यांत्रिक मापकात पन्नास-साठ आरपीएमची चूक सहज असू शकते आणि तिच्यामुळे निर्दोष इंजिन उघडले जाते.

आरपीएम ठीक असूनही धाव लांबत असेल तर चाकांकडे पाहावे. ब्रेक घासत राहणे आणि टायरमध्ये हवा कमी असणे ही साधी कारणे आहेत. पहिल्या पावसानंतर कच्च्या पट्टीवरून आलेल्या विमानाच्या चाकांवरील आवरणांत आपली काळी माती गच्च बसते, वाळली की दगडासारखी होते आणि चाकाला धरून ठेवते. ती वजनातही भर घालते. विमानाच्या रिकाम्या वजनाची नोंद शेवटची कधी झाली, रंगकाम किंवा नवी उपकरणे त्यानंतर आली का, हेही एकदा पाहून घ्यावे.

थांबायचे कुठे, हे आधी ठरवणे

निदान होईपर्यंतही उड्डाणे चालू असतात, म्हणून हा भाग टाळता येत नाही. धावपट्टीच्या मध्यावर एखादी ठळक खूण निवडावी : टॅक्सीवेचे तोंड, एखादा फलक. त्या खुणेपाशी उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल, तर थ्रॉटल मागे आणि ब्रेक. १५२ ला ५० नॉटचे ७० टक्के म्हणजे ३५ नॉट. यामागचे गणित असे, की ७० टक्के वेगाला उड्डाणासाठी लागणाऱ्या गतिज ऊर्जेचा सुमारे निम्मा भाग जमा झालेला असतो. निम्म्या धावपट्टीत तेवढाही जमला नाही, तर उरलेल्या निम्म्यात बाकीचा जमण्याची आशा धरता येत नाही. ही मर्यादा धावपट्टीचा पुरेपूर वापर होत असेल तिथली आहे. लांब धावपट्टीवर मी पुस्तकातील धावेच्या १.३३ पटीवर खूण धरतो आणि तिथे चाके सुटली नसतील तर उड्डाण सोडून देऊन स्नॅग लिहितो.

धावपट्टीच्या टोकापलीकडे काय आहे, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या ४९१ क्रमांकाच्या बोइंग ७३७ विमानाने टोकाबाहेरील रस्त्यावरच्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडक दिली, पुढे ते वीजवाहक तारांत सापडले, आणि ११८ पैकी ५५ जणांचा जीव गेला. चौकशीत नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलणे आणि रस्त्यावरची रहदारी न रोखणे ही कारणे नोंदली गेली. ते जेट होते, त्याचे प्रश्न निराळे, आणि त्या दुर्घटनेचा संबंध मी घनता-उंचीशी जोडत नाही. पण टोकाशी रस्ता आणि तारा असलेल्या धावपट्टीवर चाके सुटल्यानंतरचे पहिले पन्नास फूट किती मोलाचे असतात, हे सांगताना मला त्या दुपारची आठवण टाळता येत नाही, आणि सरावासाठी येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी ती सांगतो.

दुपारी अकरा ते पाचदरम्यान पूर्ण वजनाने उड्डाण करायचे नाही, हा नियम आम्ही एप्रिल ते जून पाळतो. त्यामुळे सरावाचे तास कमी होतात आणि विद्यार्थ्यांना त्याचा त्रास होतो, हे खरे आहे. पहाटे साडेपाचला हजर राहावे लागते. तरीही घनता-उंचीतले दोन हजार फूट एवढ्या सहज परत मिळवून देणारा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

आता शेवटची गोष्ट वहीची. “ताकद कमी वाटते” ही नोंद आम्ही आता स्वीकारत नाही. नोंद अशी हवी : वेळ १४:१०, तापमान ४१, क्यूएनएच १००५, धावपट्टी २७, वारा २६० अंशांवरून ४ नॉट, उड्डाण-वजन १,६२० पौंड, फ्लॅप १०, मिश्रण पद्धतीप्रमाणे जुळवले, स्थिर आरपीएम २,३१०, कार्ब हीटने उतरलेला आरपीएम ८०, चाके ५० नॉटला सुटली, अंदाजे अमुक फलकापाशी. विद्यार्थ्याला हे लिहायला दोन मिनिटे लागतात. काका ती ओळ वाचून विमानाजवळ जाण्याआधीच सांगू शकतात, की कव्हर उघडायचे की नाही, आणि उघडायचे असेल तर त्याच दिवशी, त्याच दुपारच्या उन्हात, पूर्ण थ्रॉटलवर चाचणी घेऊन मगच.